साठ तासांची सेव्ह आणि एक अपडेट

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. गेम अजून पुरा झालेला नाही, तरी 'अर्ली ॲक्सेस' म्हणून विकायला ठेवलाय. वाचकाने तो हौसेने घेतला आणि मग बगनी, म्हणजे गेममधल्या बिघाडांनी, त्याला छळलं. म्हणून यावेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. पत्रांत ज्या गेमबद्दल तक्रार आहे त्यांची नावं मी काढली आहेत, कारण त्या टीमचं म्हणणं काय ते मी ऐकलेलं नाही. पत्रं थोडी कापली आहेत, भाषा तुमचीच ठेवली आहे.

ताई, मी इचलकरंजीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत मामाच्या यंत्रमाग कारखान्यात हिशोब लिहून पैसे साठवले आणि एक सर्व्हायव्हल गेम घेतला. मी आणि दोन मित्र रोज रात्री अकरानंतर खेळायचो. नदीच्या वळणावर लाकडी किल्ला बांधला, तटावर मशाली लावल्या, आत भट्टी, कोठार, सगळं. साठ तास झाले होते. मागच्या आठवड्यात अपडेट आलं आणि आमचं जग लोडच होईना. ही सेव्ह या आवृत्तीशी जुळत नाही, एवढाच मेसेज येतो. डेव्हलपरला लिहिलं तर उत्तर आलं, 'गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आहे.' घरचे म्हणतात, गेमच तर होता. मला झोप लागली नाही हे त्यांना सांगायचीही लाज वाटते. काही करता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

लाज वाटून घेऊ नकोस. दिवाळीत गल्लीतली पोरं चार दिवस खपून मातीचा किल्ला करतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. त्यावरून कोणी सायकल घातली तर 'मातीच तर होती' असं आपण त्यांना म्हणत नाही. तुम्ही तिघांनी साठ तास खपून एक किल्ला बांधला होता. तो गेला तर झोप उडणारच.

पण आधी हातातलं काम. तो गेम आता उघडू नकोस. तुझ्या मेसेजवरून वाटतं की सेव्हची फाइल, म्हणजे तुमचं जग जपून ठेवणारी फाइल, जागेवरच आहे, नव्या आवृत्तीला ती वाचता येत नाहीये एवढंच. गेम पुन्हा पुन्हा उघडून नवं जग सुरू केलंस तर जुनी फाइल पुसली जाऊ शकते, आणि क्लाउड सिंक (इंटरनेटवर आपोआप प्रत ठेवायची सोय) चालू असेल तर तिथलीही प्रत बदलेल. सेव्हचा फोल्डर शोध. युनिटी आणि अनरियल ही गेम बनवायची सॉफ्टवेअर. युनिटीवर बनलेल्या गेमचा तो सहसा विंडोजच्या ॲपडेटामधल्या लोकल-लो फोल्डरात असतो, अनरियलवर बनलेल्यांचा ॲपडेटामधल्या लोकलमध्ये, आणि काहींचा डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स'खाली. सापडला की अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून ठेव. तिघांपैकी जग कोणाच्या कॉम्प्युटरवर होस्ट व्हायचं तेही बघ. बहुतेक अशा गेममध्ये जगाची फाइल फक्त होस्टकडे असते. तो मित्र असेल तर हे सगळं त्याला करायला सांग, आणि आजच सांग.

मग स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तुझ्या लायब्ररीत जा, गेमच्या नावावर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड आणि 'बीटाज' हा भाग बघ. बऱ्याच टीम तिथे मागची आवृत्ती ठेवतात. ती मिळाली तर निवड, उतरू दे, आणि सेव्हची प्रत मूळ जागी टाकून उघडून बघ. यात तुमचा किल्ला परत मिळण्याची खरीखुरी शक्यता आहे. नाही मिळाला तर ती फाइल तरी हातात राहील, आणि तिचा उपयोग पुढे सांगते.

हे का होतं ते समजून घे, कारण ते कळलं की राग नेमक्या जागी जाईल. सेव्ह फाइल म्हणजे तुमच्या जगाचा फोटो नसतो. ती एक यादी असते: या जागी वस्तू क्रमांक २१४, तिची झीज इतकी, तिच्या आत वस्तू क्रमांक ३७ चे बारा नग. टीमने नव्या अपडेटमध्ये वस्तूंचा क्रम बदलला किंवा प्रत्येक वस्तूला एक नवा गुण जोडला, की जुनी यादी नव्या गेमला वाचता येत नाही. जुन्या यादीचं नव्या यादीत रूपांतर करणारा कोड वेगळा लिहावा लागतो. गेम दर महिन्याला बदलत असेल तर तो कोडही दर महिन्याला लिहावा लागतो, आणि छोट्या टीमला ते नेहमी झेपतं असं नाही. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसला आणला, तेव्हा मोठ्या पॅचनंतर, म्हणजे मोठ्या अपडेटनंतर, जुन्या सेव्ह चालायच्या नाहीत, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हाही अर्ली ॲक्सेसमधल्या सेव्ह त्यात चालल्या नाहीत. पण ते त्यांनी आधी सांगितलं होतं. लोकांनी आपापल्या पात्रांचा निरोप घेतला आणि नव्याने सुरुवात केली.

तुझ्या बाबतीत चुकलं ते इथे. सेव्ह मोडणार हे टीमला अपडेट टाकण्याआधी माहीत असेल तर दोन ओळींची सूचना द्यायला काहीच लागत नाही. माहीत नसेल तर जुन्या सेव्हवर अपडेट चालवून बघितलंच नाही, हे त्याहून वाईट. 'गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आहे' हे वाक्य बग का आहे याचं कारण होऊ शकतं. माणसाने रडवेल्या जिवाने लिहिलेल्या पत्राला ते उत्तर होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'व्हॅल्हाइम' हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आला. स्वीडनमधली आयर्न गेट ही जेमतेम पाच जणांची टीम, आणि महिन्याभरात पन्नास लाख प्रती खपल्या. त्यातही जगं खराब होण्याच्या तक्रारी आल्या होत्या. टीमने प्रश्न मान्य केला, तो सुटेपर्यंत बॅकअप ठेवा म्हणून सांगितलं आणि दुरुस्तीला लागले. पाच माणसांना जमलं ते बाकीच्यांकडून मागायला काय हरकत आहे?

आता त्या फाइलचा उपयोग. बग रिपोर्ट लिही, आणि तो असा लिही की वाचणाऱ्याला तुझ्या खोलीत येऊन बसल्यासारखं वाटेल. मी पुण्यात एका स्टुडिओत टेस्टर होते तेव्हाची गोष्ट सांगते. २००८-०९ चा सुमार, बटणांच्या फोनवरचे जावा गेम. टेबलावर हँडसेटची रांग असायची आणि एकच गेम प्रत्येकावर खेळायचा. एका गेममध्ये सेव्ह मधूनच उडायची. मला ते दिसायचं, डेव्हलपरला दिसायचं नाही, आणि माझा रिपोर्ट 'कॅननॉट रिप्रोड्यूस', म्हणजे 'आमच्याकडे हे घडत नाही', असा शेरा मारून परत यायचा. नऊ दिवस हेच. मग मी प्रत्येक वेळी घड्याळ लिहायला लागले. एक वाजून पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक वाजून सतरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा. त्या वेळेला माझी आई वाईहून फोन करायची, जेवलीस का विचारायला, आणि टेस्टिंगच्या एका फोनमध्ये मी माझंच सिम घातलेलं होतं. सेव्ह लिहिली जात असताना कॉल आला की फाइल अर्धीच राहायची. तो बग वीस मिनिटांत दुरुस्त झाला. नऊ दिवस 'सेव्ह जाते' असं लिहून जे झालं नव्हतं ते एका वेळेच्या नोंदीने झालं.

म्हणून तू हे लिही: अपडेटच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती, जग किती तासांचं होतं, किती जण खेळत होता, शेवटी बाहेर पडताना काय करत होता, पूर्ण एरर मेसेज, कॉम्प्युटरची माहिती. सोबत सेव्ह फाइल जोड, आणि मिळाली तर लॉग फाइल, म्हणजे गेम चालताना काय काय घडलं त्याची नोंद. युनिटीच्या गेममध्ये 'प्लेअर डॉट लॉग' नावाची फाइल सेव्हच्याच आसपास असते. तुझी मोडकी सेव्ह त्या टीमसाठी सोन्यासारखी आहे. रूपांतराचा कोड लिहिताना त्यांना नेमकी अशीच फाइल लागते.

रिफंडचं. स्टीमचा नियम जून २०१५ पासून आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर कारण न विचारता पैसे परत. अर्ली ॲक्सेसमधला वेळही त्या दोन तासांत मोजतात. तू साठ तासांवर आहेस. नियमाबाहेरची विनंतीसुद्धा ते बघतात, तेव्हा पाठवून ठेव, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

मी बेचाळीस वर्षांचा आहे, ठाण्यात नोकरी करतो, रात्री मुलं झोपली की तासभर खेळतो. माझा प्रश्न सरळ आहे. आपण खानावळीत ताट मागवलं आणि वाढप्याने अर्धा कच्चा भात आणून 'खाऊन सांगा अजून किती शिजायला हवा' म्हटलं, तर आपण पैसे देऊ का? मग गेममध्ये का देतो? आम्ही पैसे भरून फुकट टेस्टिंग करतोय. ते तुमचं काम होतं ना? तुम्हाला याचा राग येत नाही का?
— एक वाचक, ठाणे

येतो. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

सुरुवातीला हा सौदा वेगळा होता. २००९ मध्ये एका स्वीडिश प्रोग्रामरने, मार्कस पर्सनने, 'माइनक्राफ्ट' अर्धवट असतानाच कमी किमतीत विकायला सुरुवात केली. आज घ्या, स्वस्तात घ्या, पुढचं सगळं मिळत राहील. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. मधल्या काळात लोकांच्या पैशावर तो गेम वाढला. मार्च २०१३ मध्ये स्टीमने त्याच पद्धतीला अर्ली ॲक्सेस हे नाव देऊन दुकानात जागा दिली. ज्याच्याकडे प्रकाशक नाही, बँकेचं कर्ज नाही, त्याला गेम पुरा करायची ती एक वाट होती. माझ्या ओळखीतले दोन जण त्या वाटेने गेले आहेत. ती वाट बंद व्हावी असं मला आजही वाटत नाही.

एकाच नावाच्या दोन गेमची गोष्ट सांगते, तुम्हाला फरक दिसेल. 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम. तो मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीत जन्मला, आणि ती कंपनी मुळात मार्केटिंगची कामं करायची. २०११ मध्ये पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली. सुरुवातीला तर जायला चंद्रसुद्धा नव्हता. मग चंद्र आला, ग्रह आले, यानं एकमेकांना जोडता यायला लागली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गेम पुरा झाला. त्या चार वर्षांत रॉकेटं वाट्टेल तशी फुटायची. पण दर काही महिन्यांनी गेममध्ये आधी नव्हतं असं काहीतरी दिसायचं. माझा भाचा त्याच गेमवर कक्षा म्हणजे काय ते शिकला, शाळेच्या पुस्तकाच्या आधी.

दुसरा भाग २४ फेब्रुवारी २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला. आता मागे टेक-टूसारखी मोठी कंपनी होती, सिएटलमध्ये स्टुडिओ होता, आणि किंमत जवळपास ५० डॉलर, म्हणजे पूर्ण गेमच्या तोडीची. सुचवलेलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, आणि तसल्या महागड्या कॉम्प्युटरवरही गेम अडखळायचा. रॉकेट उभं केलं की उसाच्या कांड्यासारखं डुलायचं. इंजिन बंद असताना कक्षा आपोआप बदलायची. पहिल्या भागात ज्या गोष्टी होत्या त्यातल्या कित्येक नव्हत्याच. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर हे सगळं पुढच्या आराखड्यात होतं. डिसेंबर २०२३ मध्ये विज्ञानाचा भाग आला, बरेच बग सुटले, लोक थोडे सुखावले. आणि २०२४ च्या वसंतात टेक-टूने वॉशिंग्टन राज्याच्या सरकारला कळवलं की सिएटलचं ते ऑफिस बंद होतंय, ७० जणांच्या नोकऱ्या जातायत. जूनमध्ये शेवटचं छोटं अपडेट आलं. वसाहती आल्या नाहीत, तारे आले नाहीत, आणि गेम दुकानात विकायला तसाच राहिला.

कच्च्या भाताचा तुमचा दाखला या दुसऱ्या गेमला चपखल बसतो. पहिल्याला तो बसत नाही असं मला वाटतं. तिथे चूल पेटलेली होती, भात शिजताना दिसत होता, आणि स्वयंपाक्याने ताटाचे पूर्ण पैसे घेतलेले नव्हते. पण किंमत ही एकटी कसोटी पुरत नाही. 'बाल्डर्स गेट ३' अर्ली ॲक्सेसमध्ये पूर्ण किमतीलाच होता, मिळायचा फक्त पहिला अंक, आणि सुरुवातीला बगनी भरलेला. तरी जवळजवळ तीन वर्षं लोक थांबले, कारण प्रत्येक पॅचसोबत काय बदललं याची लांबलचक यादी यायची आणि त्यात आपण कळवलेली गोष्ट सापडायची. मी स्वतः एखादा अर्धवट गेम घेण्याआधी तेवढंच बघते: गेल्या सहा महिन्यांच्या पॅच नोट्स उघडते आणि लोकांनी कळवलेल्या तक्रारी त्यात दिसतात का ते शोधते. आराखड्याचं सुंदर चित्र मी उघडतही नाही.

आता फुकट टेस्टिंगचं. हजारो लोकांच्या हजारो तऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर गेम चालवून बघणं कुठल्याही टेस्टिंग टीमला जमणार नाही. तेवढा भाग खेळाडूंनी केला तर मला वाईट वाटत नाही. पण टेस्टरचं अर्धं काम बग सापडल्यानंतर सुरू होतं. दुरुस्ती झाली म्हणतात तेव्हा ती खरंच झाली का, आणि ती करताना शेजारचं काही मोडलं का, हे बघणं. त्याला आम्ही रिग्रेशन म्हणायचो. कंटाळवाणं काम. एकाच लेव्हलच्या प्रत्येक भिंतीला अंग घासत आठ तास चालायचं, कुठून आरपार जाता येतं का म्हणून. कालचा तोच दरवाजा आज पुन्हा उघडायचा. हे खेळाडू करणार नाही आणि त्याने करूही नये. तो संध्याकाळी तासभर विसावा घ्यायला आलेला असतो, तुमच्यासारखा. मोठी कंपनी खेळाडू आहेतच म्हणून टेस्टर कमी करते, तेव्हा प्रत्येक अपडेटमध्ये जुना बग परत येतो, आणि लोकांना वाटतं टीम आळशी आहे. त्या टीमजवळ अनेकदा ते बघायला माणूसच उरलेला नसतो. तुमचा राग त्या निर्णयावर असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

तासभरच वेळ असेल तर अर्ली ॲक्सेस घेऊच नका, असं मी तुम्हाला मैत्रिणीसारखं सांगेन. विशलिस्टमध्ये टाका, पूर्ण झाला की कळेल. 'हेडीज' डिसेंबर २०१८ मध्ये अर्धवट अवस्थेत आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुरा झाला. जे थांबले त्यांना शेवट असलेली पूर्ण गोष्ट मिळाली.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला एक गेम हवाय, पण तो 'अजून बनतोय' असं तोच सांगतो. मित्रांकडे आहे म्हणे. अपूर्ण वस्तूला पैसे द्यायचे हे मला कळतच नाही, पण नाही म्हटलं तर त्याचं तोंड उतरतं. फसवणूक तर नाही ना? मला यातलं काही समजत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.
— एक आई, डोंबिवली

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. फसवणूक नाही, स्टीमवर अशा गेमच्या पानावर निळ्या चौकटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की हा गेम अपूर्ण आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आणि आज आहे तसा खेळावासा वाटत नसेल तर थांबा. त्या चौकटीखाली टीमने प्रश्नोत्तरं दिलेली असतात: किती काळ लागेल, आज काय तयार आहे, पुढे किंमत वाढणार का. मुलाला शेजारी बसवा आणि ती त्याच्याकडून मराठीत वाचून घ्या. मग एकच विचारा: यापुढे काहीच नवं आलं नाही तरी तुला हा हवाय का? तो हो म्हणाला आणि आज काय काय खेळता येतं ते डोळे चमकवून सांगायला लागला, तर घ्या. 'पुढच्या वर्षी ड्रॅगन येणार आहेत' असं काही सांगायला लागला, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

दुसरं, शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. फेब्रुवारी २०२५ पासून वर्षभराहून जास्त काळ अपडेट न आलेल्या अर्ली ॲक्सेस गेमवर स्टीम स्वतःच तशी नोंद दाखवतं. मात्र बराच काळ अपूर्ण राहिलेला प्रत्येक गेम टाकून दिलेला असतो असं नाही. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' दहा वर्षांहून जास्त काळ अर्ली ॲक्सेसमध्ये आहे आणि त्यावर काम चालू राहिलंय. उलट डिसेंबर २०२३ मध्ये 'द डे बिफोर' नावाचा खूप गाजावाजा झालेला गेम ७ तारखेला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि चार दिवसांत स्टुडिओ बंद झाल्याची घोषणा झाली. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, पण त्यातून एक शिकता येतं: पहिल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर जाऊ द्या.

वाढदिवसाच्या दिवशी गेम उतरला की पहिला दीडेक तास त्याला सलग खेळू द्या आणि मग विचारा, चालतोय का नीट? घरातल्या कॉम्प्युटरला झेपत नसेल तर ते एवढ्यात कळतं, आणि वर सांगितलेल्या रिफंडच्या मुदतीतही बसतं. वेळ दोन तासांच्या आतलाच हवा, तेवढं घड्याळ तुम्ही सांभाळा.

आम्ही दोघं मित्र नाशिकमध्ये एक छोटा गेम बनवतोय. नोकरी सांभाळून, अडीच वर्षं झाली. अर्ली ॲक्सेसमध्ये टाकायचा विचार आहे, पण इतर गेमवरचे रिव्ह्यू वाचून पोटात गोळा येतो. लोक शिव्या देतात, चोर म्हणतात. आमच्या गेममध्येही बग आहेत. टाकावा का?
— एक वाचक, नाशिक

तुमच्या पोटातला गोळा मला माहीत आहे. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यातले कित्येक रात्री दोन वाजता एक एक रिव्ह्यू वाचत बसायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी यायचे. माणसाला चोर म्हणणाऱ्या, घरच्यांवर जाणाऱ्या मजकुरात कळवण्यासारखं काही नसतं. तो वाचू नका, मिटवा आणि पुढे जा. पण 'चाळीस तास गेले, पुन्हा घेणार नाही' असं लिहिणारा माणूस वेगळा. त्याने चाळीस तास दिलेत. वर इचलकरंजीच्या मुलाचं पत्र आहे, ते दोघांनी मिळून वाचा. तुमच्या गेमला असाच कोणीतरी येणार आहे.

लगेच विकू नका. स्टीमवर प्लेटेस्टची सोय आहे, लोकांना गेम फुकट देऊन चालवून बघता येतो आणि त्यावर रिव्ह्यू पडत नाहीत. आधी ते करा. विकायला काढाल तेव्हा ज्ञात बगची यादी गेमच्या पानावर सगळ्यात वर ठेवा, लाज न बाळगता. मी खेळाडू म्हणून सांगते, ज्या बगची आधी कल्पना असते त्याने माणूस चिडत नाही, तो वळसा घालून जातो. आराखड्यात तारखा लिहू नका. नोकरी सांभाळून काम करताय, एखाद्याच्या घरी आजारपण निघालं की तारीख गेली. आणि अपडेट छोटं असलं तरी लिहा. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरने 'फॅक्टोरिओ' बनवताना वर्षानुवर्षं शुक्रवारी लिहायचा परिपाठ ठेवला. कधी त्यात फक्त एका पट्ट्यावरून वस्तू कशा सरकतात एवढंच असायचं. लोक तेही आवडीने वाचायचे, कारण काम चालू असल्याचं दिसत होतं.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना एक सांगते, बाकी तुम्ही ठरवाल. झाड हवेत तरंगत असेल तर तरंगू द्या. पात्राचा हात भिंतीतून जात असेल तर जाऊ द्या. सेव्ह आधी सांभाळा. सेव्ह फाइलच्या पहिल्याच ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहा, अगदी आजपासून. नवी सेव्ह जुनीवर थेट लिहू नका. शेजारी वेगळ्या नावाने लिहा, पूर्ण झाली याची खात्री करा, मगच नाव बदला, आणि मागच्या तीन प्रती राखून ठेवा. प्रत्येक अपडेटच्या आधी जुन्या सगळ्या आवृत्त्यांच्या सेव्ह एकेक करून उघडून बघा. एखादी मोडणारच असेल तर आठवडाभर आधी सांगा, आणि जुनी आवृत्ती बीटाजमध्ये ठेवा, म्हणजे ज्याला आपलं जग शेवटचं पाहायचंय त्याला पाहता येईल.

टाका गेम. गेम खेळण्याजोगा झाला की मासिकाच्या पत्त्यावर तो उघडायचा एक कोड पाठवा. मी सगळ्यात आधी सेव्ह चालू असताना कॉम्प्युटरची वायर उपटून बघणार आहे.